‘औषध’, विष आणि स्वादुपिंड : एका उपद्रवाच्या ओळखीचा इतिहास

१

कीटकनाशकांच्या विषबाधेचा विचार बहुधा वैद्यकाच्या, शेतीच्या किंवा कायद्याच्या अंगाने केला जातो. भाषेच्या अभ्यासकाने या प्रांतात पाऊल टाकावे, हे काही वाचकांस अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. तथापि एखादा रोग ‘दिसतो’ केव्हा, या प्रश्नाचा शोध घेऊ लागले म्हणजे त्यास नाव केव्हा मिळाले, हा प्रश्न टाळता येत नाही. आणि नावांचा प्रश्न हा आमच्या शास्त्राचाच प्रश्न होय.

प्रस्तुत निबंधाचा विषय मर्यादित आहे. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके पोटात गेली अथवा त्वचेतून व श्वासावाटे शरीरात शिरली, तर काही रोग्यांच्या स्वादुपिंडास तीव्र दाह होतो, ही गोष्ट आज वैद्यकाच्या ग्रंथांत नमूद आहे. या वर्गातील पॅराथिऑन हे प्रमुख विष १९४४ मध्ये सिद्ध झाले. स्वादुपिंडाचा दाह हा त्या वर्गातील विषांचा उपद्रव म्हणून वैद्यकीय वाङ्मयात ठळकपणे मांडला गेला तो १९७९ मध्ये. मधल्या पस्तीस वर्षांत हा दाह होतच नव्हता, असे मानण्यास कोणताही आधार नाही. तो होत असावा, परंतु दिसत नव्हता. तो का दिसला नाही, आणि आपल्या भाषेतील एका नित्याच्या शब्दाचा या न दिसण्याशी काय संबंध पोचतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

वर ‘उपद्रव’ हा शब्द मी जाणीवपूर्वक योजला आहे. आजच्या मराठीत उपद्रव म्हणजे त्रास, खोडी. उंदरांचा उपद्रव, माकडांचा उपद्रव. वैद्यकातील याच कल्पनेसाठी आपण अलीकडे ‘गुंतागुंत’ हा शब्द वापरू लागलो आहो. परंतु आयुर्वेदाच्या परिभाषेत उपद्रव म्हणजे मूळ व्याधीच्या मागून येणारा, तिच्याच आश्रयाने राहणारा दुसरा व्याधी. या व्याख्येत कालक्रम आहे आणि अवलंबनही आहे. गुंतागुंत या शब्दात ही दोन्ही अंगे नाहीत. प्रस्तुत विषयात तर मूळ व्याधी कोठे संपली व मागून येणारी कोठे सुरू झाली, हाच मुख्य प्रश्न असल्याने जुना शब्दच अधिक उपयुक्त ठरतो.

२

प्रथम विषाची पार्श्वभूमी पाहू. १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर केलेल्या प्रयोगांतून असे सिद्ध झाले की, मज्जातंतू आपला संदेश एका रासायनिक द्रव्याच्या द्वारे पोचवितो. हे द्रव्य म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन होय. या संशोधनाबद्दल लोवी व हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. संदेश पोचताच हे द्रव्य नाहीसे करण्याचे काम कोलिनएस्टरेज नावाचे विकर करते. ते विकर निकामी झाले, तर संदेश थांबतच नाही; स्नायू, ग्रंथी व आतडी यांना अखंड आज्ञा मिळत राहते.

नेमके हेच काम करणारी द्रव्ये त्याच सुमारास जर्मनीत हाती येत होती. १९३२ मध्ये बर्लिन येथे विली लांगे व त्यांची विद्यार्थिनी गेर्डा फॉन क्र्यूगर यांना फॉस्फरसची काही संयुगे तयार करीत असताना श्वास कोंडल्यासारखे वाटले व दृष्टी अंधुक झाली. त्यांनी त्याची नोंद करून ठेविली. पुढे कीटकनाशकांचा शोध घेणाऱ्या गेरहार्ड श्राडर यांना १९३६ च्या अखेरीस टाबुन हे द्रव्य सापडले. ते इतके जहाल निघाले की, त्याची रवानगी शेताऐवजी लष्कराकडे झाली. १९४४ मध्ये त्यांनीच पॅराथिऑन सिद्ध केले. महायुद्ध संपल्यावर हे ज्ञान विजेत्या राष्ट्रांच्या हाती गेले, आणि थोड्याच वर्षांत पॅराथिऑन व त्याची भावंडे जगभरच्या शेतांत पोचली. एकाच प्रयोगशाळेतून, एकाच रासायनिक कुळातून युद्धातील विष व शेतीतील ‘औषध’ ही दोन्ही निघाली, ही गोष्ट नावांचा विचार करणाऱ्याने विसरू नये.

भारतास या विषाची भयंकर ओळख झाली ती १९५८ मध्ये. केरळात त्या वर्षी एकाएकी शेकडो माणसे आजारी पडली आणि शंभरांहून अधिक मरण पावली. गव्हाचे पीठ आणि पॅराथिऑन यांची वाहतूक जहाजातून एकत्र झाली होती व विष गळून धान्यात मिसळले होते. या घटनेनंतर चौकशी आयोग नेमण्यात आला. यथावकाश १९६८ चा कीटकनाशक अधिनियम व १९७१ चे नियम अस्तित्वात आले. वैद्यकीय वाङ्मयात मात्र ही घटना ‘केरळातील अन्नविषबाधा’ या नावाने रूढ झाली. विष कोणते, हे त्या नावावरून कळत नाही. दोष जणू अन्नाकडेच जातो.

३

आता ज्या अवयवावर हा उपद्रव ओढवतो त्याकडे वळू. ग्रीक वैद्यांनी त्यास ‘पांक्रेआस’ म्हटले. ‘पान’ म्हणजे सर्व, ‘क्रेआस’ म्हणजे मांस. ज्यात हाड वा कूर्चा नाही असा निव्वळ मांसाचा गोळा, एवढाच त्याचा अर्थ. कार्याचा काहीही बोध या नावात नाही. हिंदीने कार्यावर दृष्टी ठेवून ‘अग्न्याशय’ हा शब्द पत्करला. मराठीने व गुजरातीने ‘स्वादुपिंड’ हा शब्द स्वीकारला. इंग्रजीत खाटकाच्या दुकानी वासराच्या या ग्रंथीस ‘स्वीटब्रेड’ म्हणतात; त्यातील गोडीचा भाग आपल्या ‘स्वादु’शी अर्थाने जुळतो, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. प्राचीन संहितांतील ‘क्लोम’ म्हणजे हाच अवयव, असे काहींचे मत आहे. परंतु त्याच शब्दाचा अर्थ फुप्फुस, पित्ताशय किंवा घसा असाही लावला गेला आहे. तात्पर्य, जठराच्या मागे दडलेला हा अवयव नावांच्या बाबतीतही दीर्घकाळ अस्पष्टच राहिला.

त्याच्या कार्याचा उलगडा मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झपाट्याने झाला. १८८८ मध्ये पावलोव्ह यांनी दाखविले की, व्हेगस या मज्जातंतूस चेतना दिली असता स्वादुपिंड पाचकरस सोडते. १९०२ मध्ये बेलिस व स्टार्लिंग यांनी रक्तावाटे येणारी दुसरी आज्ञा, म्हणजे सिक्रेटिन, शोधून काढली. दरम्यान १८८९ मध्ये बोस्टनचे रेजिनल्ड फिट्झ यांनी स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाचे पहिले व्यवस्थित वर्णन केले, आणि १८९६ मध्ये हान्स किआरी यांनी त्याची उपपत्ती मांडली : ही ग्रंथी आपल्याच पाचकरसाने स्वतःस पचवू लागते.

या चार गोष्टी एकत्र ठेवल्या, तर फॉस्फरसयुक्त विषाने स्वादुपिंडाचे काय होईल याचे अनुमान कागदावरही करता आले असते. व्हेगसची आज्ञा अ‍ॅसिटिलकोलीनमार्फत पोचते. विष त्या आज्ञेस थांबू देत नाही. ग्रंथी विकरांनी भरलेला दाट रस सोडीत राहते. त्याच वेळी नलिकेच्या तोंडाशी असलेले स्नायूंचे वलय आवळले जाऊन रसाची वाट अडते. नलिकेतील दाब वाढतो. आणि किआरी यांनी सांगितलेले आत्मपचन सुरू होते. परंतु शरीरक्रियाशास्त्र एका कपाटात व विषशास्त्र दुसऱ्या कपाटात राहिल्याने हे अनुमान बराच काळ कोणाच्या उपयोगी पडले नाही.

४

गंमत अशी की, या दाराची किल्ली प्रथम कीटकनाशकाने नव्हे, तर विंचवाने दाखविली. त्रिनिदाद बेटावरील टिटियस जातीचा विंचू चावलेल्या रोग्यांस पोटात तीव्र वेदना होतात, हे तेथील डॉक्टरांस ठाऊक होते. १९७० मध्ये बार्थोलोम्यू यांनी अशा ३० रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी २४ जणांत स्वादुपिंडाचा तीव्र दाह आढळला. विंचवाच्या विषाने मज्जातंतूंच्या टोकांतून अ‍ॅसिटिलकोलीन मोठ्या प्रमाणावर बाहेर पडते. एक विष हे द्रव्य सांडते, दुसरे ते पुसू देत नाही. परिणाम एकाच दिशेने होतो. सर्वच विंचवांबाबत असे घडत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. आपल्या कोकणातील तांबड्या विंचवाचा मुख्य आघात हृदयावर होतो, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिनचा उपचार रूढ करून असंख्य प्राण वाचविले, ते त्या आघाताची नेमकी ओळख पटल्यामुळेच.

१९७९ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा येथील ड्रेसेल, गुडेल व त्यांचे सहकारी यांनी कोलिनएस्टरेजविरोधी कीटकनाशकाच्या विषबाधेचा उपद्रव म्हणून स्वादुपिंडदाहाची मांडणी केली. पाठोपाठ त्यांनी डायझिनॉन या कीटकनाशकाचे कुत्र्यांवर प्रयोग करून नलिकेतील दाब वाढतो, हे दाखविले. १९८१ मध्ये मूर व जेम्स यांनी आणखी एका रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली. १९९२ मध्ये इस्रायलमधील वाइझमन व सोफर यांनी विषबाधा झालेल्या १७ बालकांची पाहणी केली असता ५ बालकांत हा दाह आढळला. १९९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून स्वादुपिंडाचा भाग मृत होण्यापर्यंत पाळी गेलेल्या रोगाचे वर्णन आले.

हा विलंब का झाला ? तीन कारणे संभवतात. पहिले कारण असे की, पूर्वी रोगी तोवर जगतच नसे. या विषाने मृत्यू येतो तो मुख्यतः श्वास बंद पडल्याने. अ‍ॅट्रोपिन, १९५५ च्या सुमारास आलेले प्रॅलिडॉक्सिम आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाची यंत्रे यांनी रोग्यास पहिले काही दिवस पार करून दिले, तेव्हा कोठे मागून येणाऱ्या व्याधीस प्रकट होण्यास अवसर मिळाला.

दुसरे कारण लक्षणांचे. ओकारी, पोटातील कळा व जुलाब ही विषबाधेची स्वतःचीच लक्षणे होत. डोळ्यांच्या बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या झाल्या, तोंडातून लाळ गळू लागली, अंग घामाने भिजले, की डॉक्टरांच्या मनात एक नाव निश्चित होते. आणि मग पोटदुखी आपोआप त्याच नावाच्या पोटात जाते. रोग्याची इतर लक्षणे ओसरल्यावरही पोट दुखतच राहिले, तरी ‘विषाचा परिणाम’ या शब्दांत तिची बोळवण होते. येथे निदान चुकलेले नसते. ते बरोबर असते, आणि बरोबर असल्यामुळेच पुढचा प्रश्न विचारला जात नाही.

तिसरे कारण चाचणीचे. रक्तातील अ‍ॅमायलेज हे विकर वाढले, की स्वादुपिंडाची शंका घेतली जाते. परंतु हे विकर लालाग्रंथींतूनही येते, आणि या विषाने त्या ग्रंथीही चेकाळलेल्या असतात. तैवानमधील १२१ रोग्यांच्या १९९८ च्या अभ्यासात सुमारे एक तृतीयांश रोग्यांचे अ‍ॅमायलेज वाढलेले आढळले. पण त्या सर्वांस स्वादुपिंडदाह होता असे नव्हे. म्हणून लायपेज हे स्वादुपिंडाशी अधिक निगडित असलेले विकर पाहणे व गरजेनुसार पोटाची चित्रणे घेणे हा मार्ग ग्राह्य ठरला. यातून नावाच्या दुसऱ्या धोक्याचीही सूचना मिळते. नाव नसताना रोग दिसत नाही हे खरे. परंतु नाव मिळाल्यावर तो नको तेथेही दिसू लागतो.

५

नाव आणि ओळख यांच्या संबंधाचे याच विषातील दुसरे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. १९७४ मध्ये पुण्याचे डॉ. आर. एस. वाडिया व त्यांचे सहकारी यांनी या विषबाधेच्या २०० रोग्यांतील मज्जासंस्थेच्या लक्षणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही लक्षणे आरंभीच दिसतात व अ‍ॅट्रोपिनने ओसरतात. काही मागाहून येतात, त्यांत स्नायू लुळे पडतात व अ‍ॅट्रोपिनचा उपयोग होत नाही, असे त्यांनी स्पष्टपणे नोंदविले. या दोन गटांना त्यांनी ‘पहिला प्रकार’ व ‘दुसरा प्रकार’ असे क्रमांक दिले.

१९८७ मध्ये श्रीलंकेतील सेनानायके व करालियेद्दे यांनी मागाहून येणाऱ्या अशाच पक्षाघाताचे वर्णन केले व त्यास ‘इंटरमीजिएट सिंड्रोम’, म्हणजे मधल्या अवस्थेचा लक्षणसमूह, असे नाव दिले. जगभरचे विद्यार्थी आज ती अवस्था याच नावाने शिकतात. पुण्याच्या निरीक्षणाचे मोल यामुळे उणे होत नाही. परंतु क्रमांकाने जे साधले नाही ते नावाने साधले, एवढे खरे. ‘दुसरा प्रकार’ असे म्हटल्याने रोग्याच्या खाटेशी उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरास काही आठवत नाही. ‘मधली अवस्था’ म्हटले की, अजून काही यावयाचे आहे, हे त्याच्या ध्यानी येते. स्वादुपिंडाच्या उपद्रवास असे स्वतंत्र नाव अद्याप नाही. तो प्रत्येक वेळी नव्याने आठवावा लागतो, आणि म्हणून पुष्कळदा आठवत नाही.

६

आतापर्यंत वैद्यकाच्या परिभाषेचा विचार झाला. रोगी रुग्णालयाच्या दारी पोचतो तो मात्र आपली भाषा घेऊन. त्या भाषेत या विषाचे नाव ‘औषध’ असे आहे.

मराठी शेतकरी कीटकनाशकास औषध म्हणतो. तो औषध आणतो, औषध मारतो, औषधाची फवारणी करतो. वर्तमानपत्रांत ‘विषारी औषध प्राशन करून’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की, त्यातील विरोध कोणास जाणवतही नाही. शहरी वाचक यास अडाणीपणा समजतो. भाषिक दृष्ट्या ही समजूत चुकीची आहे. आपण खोकल्याचे औषध म्हणतो, तेव्हा ‘चे’ हा प्रत्यय जे नाहीसे करावयाचे त्याचा निर्देश करतो. त्याच नियमाने ढेकणाचे औषध, उंदराचे औषध, बोंडअळीचे औषध हे प्रयोग सिद्ध होतात. खोकला जावा म्हणून खोकल्याचे औषध; ढेकूण जावेत म्हणून ढेकणाचे औषध. नियम एकच आहे, आणि तो निर्दोष आहे. धोका निर्माण होतो तो पुढच्या पायरीवर. नित्याच्या बोलण्यात ‘ढेकणाचे’, ‘बोंडअळीचे’ हे विशेषण गळून पडते आणि नुसते ‘औषध’ उरते. जे किडीचे होते ते आता कोणाचेही होऊ शकते.

असे केवळ मराठीतच घडले आहे असे नाही. लॅटिन अमेरिकेतील स्पॅनिश व पोर्तुगीज बोलणारे शेतकरीही कीटकनाशकास औषध या अर्थाचाच शब्द वापरतात. ब्राझीलमध्ये या नावांवरून मोठा वाद झाला. उद्योगास पिकाचे ‘संरक्षक द्रव्य’ हे नाव प्रिय होते. १९८९ च्या तेथील कायद्याने मात्र ‘आग्रोटॉक्सिको’, म्हणजे शेतीतील विष, हा शब्द स्वीकारला. आपल्याकडे १९७१ च्या नियमांनी वेष्टनावर तांबडा, पिवळा, निळा व हिरवा अशा रंगांचे त्रिकोण आणले. तांबडा अतिजहाल, हिरवा सौम्य. निरक्षरासही कळावे, हा हेतू स्तुत्य होता. परंतु हिरवा रंग हा पिकाचाही रंग आहे, आणि ‘औषध’ या शब्दापुढे त्रिकोणाचे काय चालणार ?

वऱ्हाडी बोलीचे शब्द गोळा करीत हिंडत असताना मी एका वयस्क शेतकऱ्यास विचारले होते की, तुम्ही यास विष का म्हणत नाही ? तो म्हणाला, “इख म्हटलं त मजूर येईन का सर ? औषिद म्हनतो आमी.” या उत्तराने माझ्या व्याकरणाच्या विवेचनास एक निराळेच परिमाण लाभले. शब्द केवळ सवयीने टिकत नाही. तो कोणाच्या तरी गरजेने टिकतो. ज्याने पाठीवर पंप घ्यावयाचा, त्यास पंपात काय आहे हे न कळण्यातच काम देणाऱ्याची सोय असते. २०१७ च्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली व वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले. शासनाने विशेष तपास पथक नेमले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. तेव्हा सर्वत्र संरक्षक कपड्यांची, पंपांची व मिश्रणांची चर्चा झाली, आणि ती आवश्यकच होती. परंतु औषधासाठी हातमोजे कोण घालतो, हा प्रश्न त्या चर्चेत यावा तसा आला नाही.

७

या विवेचनातून काय निष्पन्न होते ते थोडक्यात सांगतो. सेंद्रिय फॉस्फरसच्या विषाने होणारा स्वादुपिंडदाह दोन नावांच्या आड राहिला. वैद्यकात त्यास ‘विषबाधा’ या मोठ्या व बरोबर नावाने झाकले; लोकव्यवहारात विषासच ‘औषध’ या नावाने झाकले. पहिल्या आवरणामुळे डॉक्टर पोटदुखीचा पुढचा शोध घेत नाही. दुसऱ्यामुळे रोगी मूळ कारणच सांगत नाही, आठ दिवस फवारणी करून पोट धरून आलेल्या मजुरास “काही विषारी घेतले का?” असे विचारले, तर तो प्रामाणिकपणे “नाही” म्हणेल. त्याने विष घेतलेलेच नाही. त्याने औषध मारले आहे.

यावर उपाय म्हणून लोकांच्या तोंडचा शब्द काढून घ्यावा, असे मी सुचविणार नाही. तसे कधी कोणास साधलेले नाही. परंतु गळालेले विशेषण परत आणणे शक्य आहे. शाळेत, कृषिसेवा केंद्राच्या पाटीवर, आकाशवाणीवर व वेष्टनावर ‘किडीचे विष’ असा शब्द सातत्याने वापरला गेला, तर भाषा तो पचवू शकेल. ‘चे’ हा तिचा जुना नियम तसाच राहील. वैद्यकीय महाविद्यालयांत रोग्याची हकीकत घेण्यास शिकविताना “कोणते औषध मारत होता ?” हा प्रश्न मराठीतच शिकविला जावा. आणि विषाची इतर लक्षणे ओसरल्यावरही ज्याचे पोट दुखते, त्याच्या बाबतीत मागून येणाऱ्या व्याधीचा, म्हणजे उपद्रवाचा, जुना अर्थ स्मरावा.

भाषाशास्त्राच्या व इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या जिल्ह्यांतील विषांची लोकनावे गोळा करण्याचे काम हाती घेतल्यास ते केवळ शब्दसंग्रहाचे काम ठरणार नाही. रुग्णालयातील टिपणांशी ती नावे ताडून पाहिली, तर कोणत्या शब्दाआड किती रोगी हरवले, याचा काही अंदाज येऊ शकेल. हे काम वैद्यक विभागाच्या सहकार्यावाचून होणारे नाही. तेव्हा त्या विभागातील सहकाऱ्यांनीही त्यात सहभागी व्हावे, अशी या निबंधाच्या द्वारे विनंती आहे.